नेत्यांना येणाऱ्या ऑनलाइन शिव्या मोजायच्या कशा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम. ए. राज्यशास्त्राच्या प्रकल्पाला विषय घेतलाय: ठरावीक नेत्यांच्याच वाट्याला ऑनलाइन शिव्या जास्त का येतात? सर म्हणतात, "जो जास्त गाजतो, तो जास्त शिव्या खातो. यात शोधायचं काय?" मला हे अर्धंच पटतं.

ब्रिटनमध्ये २०१७च्या निवडणुकीआधीच्या सहा आठवड्यांत महिला खासदारांना आलेल्या शिवराळ ट्विटांपैकी ४५ टक्के एकट्या डायॅन ॲबट यांना आली होती. अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संस्थेचा अभ्यास आहे. त्या मोठ्या नेत्या, ब्रिटिश संसदेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, म्हणजे प्रसिद्धी होतीच. पण त्यांना वगळलं तरी कृष्णवर्णीय आणि आशियाई महिला खासदारांना गोऱ्यांपेक्षा ३५ टक्के जास्त शिवराळ ट्विटं आली. ती कशामुळे? आपल्याकडे २०१९च्या लोकसभेच्या वेळी त्याच संस्थेने ९५ महिला नेत्यांना आलेली ट्विटं तपासली. साधारण सातातलं एक आक्षेपार्ह निघालं, आणि धर्मावरून-वंशावरून होणारी शेरेबाजी मुस्लिम महिलांना इतरजणींच्या जवळपास दुप्पट. अडचण अशी की दोन्हीकडे पुरुष नेते मोजलेलेच नाहीत.

म्हणून मी मराठी वृत्तवाहिन्यांच्या फेसबुक पोस्टखालच्या कमेंट वाचायला घेतल्या (जेवणाआधी वाचू नयेत, हा फुकटचा सल्ला). पुरुष नेत्याला "गद्दार", "खोकेवाला". म्हणजे राग त्याने केलेल्या किंवा केल्याचा आरोप असलेल्या गोष्टीवर. एक बाई कांद्याच्या निर्यातशुल्कावर बोलत होत्या, तर खाली पहिलीच कमेंट: "आधी कपाळाला कुंकू लाव." कांद्याबद्दल अवाक्षर नाही. राखीव मतदारसंघातला आमदार असेल तर तो पुरुष असूनही गाडी थेट जातीवर येते.

घोडं अडलंय ते मोजण्यात. शिव्यांची यादी करून शोधलं तर "च्यायला, भारी बोलले साहेब" हे शिवीत जमा होतं आणि कुंकवाची कमेंट सुटते, कारण तिच्यात वाईट शब्दच नाही. "व्वा ताई, तुमच्यामुळेच देश चाललाय" हे कौतुक की टोमणा, ते खालचे हसरे चेहरे बघूनच कळतं. त्यात निम्मी जनता रोमन लिपीत मराठी लिहिते, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं.

जाणकारांनी सांगावं:

प्रमाण कशाशी काढू, फॉलोअरशी की दर शंभर कमेंटमागे? मला दुसरं बरं वाटतं.

तीच कमेंट शब्दशः वीस खात्यांवरून आली (आयटी सेलची कृपा), तर ती एक धरायची की वीस?

"खोकेवाला" टीकेत टाकू की शिवीत? मी टीकेत टाकतोय, मैत्रीण शिवीत. दोघांनी वेगवेगळं वाचून मग ताळा करायची काही सोपी पद्धत आहे का?

कुणी मराठी मजकुरावर असं काम केलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल. आणि कोणत्या पक्षाचे ट्रोल जास्त वाईट, यावर कृपया इथे जुंपू नका.

आगाऊ धन्यवाद.