नामांकन भावाचे, हक्क कोणाचा?

ठाणे शहरातील नौपाड्याच्या ताईंनी विचारले आहे की, पतीने लग्नाआधी विमा घेताना थोरल्या भावाचे नाव नामांकनात दिले होते, ते पुढे बदलले नाही, तर पतीच्या निधनानंतर आता रक्कम कोणाची? त्यावर दोघांनी 'ज्याचे नाव, त्याचे पैसे' असे उत्तर दिले आहे, ते येथे लागू पडत नाही.

विमा कायदा, 1938 च्या कलम 39 मध्ये 2015 साली झालेल्या दुरुस्तीने आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नामांकित केले असेल तर त्यांना रकमेचे लाभार्थी मानले आहे. भाऊ त्या यादीत नाही. त्यामुळे दीरांना रक्कम स्वीकारता येईल, परंतु ती वारसांसाठी, आणि मृत्युपत्र नसल्यास हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुले व पतीची आई हे समान वाटेकरी ठरतात. (सासूबाई हयात असतील तर त्यांचा वाटा कृपया विसरू नका.)

अडचण अशी की, विमा कंपनीने नोंदीतल्या नावावर पैसे दिले की तिची जबाबदारी संपते, आणि मग ते दीरांकडून वसूल करण्याचे काम तुमच्यावर येते. म्हणून महानगरपालिकेचा मृत्यूदाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून कंपनीला आजच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नुसत्या हरकतीने कंपनी थांबेलच असे नाही. दीर संमतिपत्र देत नसतील, तर ठाण्यातील वकिलांमार्फत दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवण्यास विलंब करू नका.