बिल्डचे ४८,००० टॅग झाले, आता यादी मागितली तरी मिनिट लागतं

बिल्डराखण:
नमस्कार. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) दर बिल्डला, म्हणजे कोडपासून तयार केलेल्या प्रत्येक आवृत्तीला, एक टॅग (कोडच्या त्या अवस्थेचं नाव) मारायची पद्धत आमच्याकडे चार वर्षांपूर्वी मीच सुरू केली. ग्राहकाची तक्रार आली की त्याच्याकडे नेमका कोणता कोड गेलाय, ते त्या टॅगवरून लगेच कळतं. या सोयीनं आम्हाला कितीतरी वेळा वाचवलंय, त्यामुळे 'टॅग मारणं बंद करा' एवढं सोडून काहीही सुचवा.

टॅग आता ४८,००० झालेत. रेपो (कोडचं भांडार) नेटवर्क डिस्कवर आहे आणि टॅगची नुसती यादी मागितली तरी मिनिटभर थांबावं लागतं. काल 'रेफ्स/टॅग्ज/बिल्ड' हे फोल्डर उघडून बघितलं. प्रत्येक टॅगची वेगळी फाइल, तिच्यात ४० अक्षरांचा हॅश (कोडच्या त्या अवस्थेची ओळखखूण) आणि शेवटी नवी ओळ. ४१ बाइट. सगळे मिळून दोन एमबीसुद्धा भरत नाहीत, पण डिस्कवर व्यापलेली जागा १८८ एमबी दिसते! उबुंटू २२.०४, गिट २.३४. जीसी (गिटची आवराआवर) आपोआप चालतं ना, मग हे आवरलं का जात नाही?

दप्तरखाना:
जागेचं आधी सांगतो. फाइल ४१ बाइटची असली तरी डिस्क तिला ४ केबीचा अख्खा ब्लॉक देते. ४८,००० ब्लॉक म्हणजे तुमचे १८८ एमबी. पण तुम्हाला छळतेय ती जागा नव्हे. यादीसाठी गिटला ४८,००० वेळा फाइल उघडायची, वाचायची, बंद करायची असते, आणि नेटवर्क डिस्कवर त्यातल्या प्रत्येक वेळी एक खेप.

जीसीबद्दल तुमचा समज बऱ्याच जणांचा असतो. तुमच्या आवृत्तीतलं ऑटो जीसी सुटे ऑब्जेक्ट, म्हणजे साठवलेल्या मजकुराचे तुकडे, किती (मर्यादा साधारण ६,७००) आणि ते एकत्र बांधलेल्या पॅक फाइली किती (मर्यादा ५०) एवढंच बघतं. रेफ (टॅग, ब्रँच अशी नावं) किती साचले हे ते मोजतच नाही. साधा टॅग मारताना नवा ऑब्जेक्ट तयार होत नाही, म्हणून तुम्ही लाखभर टॅग मारलेत तरी त्याला जाग येणार नाही.

'गिट पॅक-रेफ्स --ऑल' चालवा. सगळे रेफ 'पॅक्ड-रेफ्स' या एकाच मजकुरी फाइलीत जातात, ओळीला एक: हॅश, मग नाव. ओळी नावाच्या क्रमानं लावलेल्या असतात, त्यामुळे एखादा टॅग शोधायला सगळी फाइल चाळावी लागत नाही. तुमची फाइल ३ एमबीच्या आसपास होईल.

एक कळकळीची विनंती. यानंतर 'रेफ्स' फोल्डरमधली फाइल हातानं कधीच उडवू नका. सुटी फाइल असेल तर गिट तिचं ऐकतं, नसेल तर पॅक्ड-रेफ्समधली ओळ खरी मानतं. मी एकदा एक ब्रँच (कामाची वेगळी शाखा) अशी फाइल उडवून 'काढली' होती. यादीत ती तशीच उभी, पण तीन आठवड्यांपूर्वीच्या कमिटवर (कोडच्या नोंदवलेल्या अवस्थेवर)! पॅक करताना ती जिथं होती तिथं. कुणीतरी त्यावरून बिल्डही काढला, आणि काय बिघडलंय हे शोधण्यात आमचा पूर्ण शुक्रवार गेला.

नदीकाठ:
गिट नव्या आवृत्तीवर न्यायची मुभा असेल तर रेफटेबल, म्हणजे रेफ साठवायची नवी रचना, बघा. ही रचना गूगलमधल्या शॉन पिअर्स यांनी २०१७ मध्ये जेगिटसाठी (गिटचं जावा भाषेतलं रूप) मांडली. मूळ गिटमध्ये ती २.४५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये आली. अँड्रॉइडच्या रेपोत ८ लाख ६६ हजार रेफ आणि पॅक्ड-रेफ्स ६२ एमबीची, असलं ओझं समोर ठेवून ती आखलेली आहे. बदल झाला की अख्खी फाइल पुन्हा न लिहिता छोटा तक्ता जोडला जातो, आणि असे तक्ते पुढे एकमेकांत मिसळले जातात. नावांचा सारखा असलेला पुढचा भाग पुन्हा लिहिला जात नाही. तुमच्या 'बिल्ड/…' टॅगना याचा चांगला फायदा होईल.

जुना रेपो बदलायला 'गिट रेफ्स मायग्रेट' २.४६ पासून आहे, पण रेफलॉग (रेफ कधी कुठे होता याची नोंद) सोबत न्यायचा असेल तर २.४८ घ्या. मात्र जुनं गिट असा रेपो उघडतच नाही, तेव्हा त्या सर्व्हरवर रेपोला हात लावणारी सगळी साधनं आधी तपासा.

बिल्डराखण:
पॅक केलं. यादी आता सेकंदाच्या आत येते, मनापासून आभार! पण आमची डिप्लॉयची स्क्रिप्ट लगेच कोसळली. ती 'रेफ्स/हेड्स/रिलीज' ही फाइल थेट वाचत होती आणि ती फाइल आता जागेवर नाही. तिथं 'गिट रेव्ह-पार्स' (नावावरून हॅश सांगणारी आज्ञा) घातलं. रेफटेबल नव्या सर्व्हरवरच घेईन.

आता दोन वर्षांपूर्वीचे ४०,००० टॅग आम्हाला खरंच लागत नाहीत. लूप लावून एकेक काढला तर चालेल?

दप्तरखाना:
लूप नको. पॅक्ड-रेफ्समधली एक ओळ काढायला गिट ती अख्खी फाइल नव्यानं लिहितं. पहिल्या टॅगला ३ एमबी, शेवटच्याला अर्धा एमबी, असं करत ४०,००० टॅगना सत्तर जीबीच्या आसपास लिहिणं होईल, तेही नेटवर्कवरून. 'गिट फॉर-ईच-रेफ'नं नावं काढा, प्रत्येकापुढे 'डिलीट' लावा आणि ती यादी 'गिट अपडेट-रेफ --एसटीडीइन'ला द्या. सगळं एका व्यवहारात होतं. त्याआधी पॅक्ड-रेफ्सची प्रत बाजूला ठेवा, म्हणजे कोणता टॅग कोणत्या हॅशवर होता याची नोंद तुमच्याजवळ राहील. आणि 'पॅक-रेफ्स' आठवड्याला एकदा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) टाका, आपोआप होण्याची वाट बघू नका.