प्रतिसाद: मोनॅकोचा थाट चालतो कशावर?

कुणीतरी विचारलंय, मोनॅकोसारख्या जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या देशात इतकी महागडी हॉटेलं चालतात तरी कशी? मेख इतिहासात आहे. १८६१ मध्ये मोनॅकोची माँतों आणि रोकब्रून ही गावं फ्रान्सकडे गेली आणि राजाच्या हाती जवळपास फक्त खडक उरला. मग १८६३ मध्ये 'सोसिएते दे बँ द मेर' कंपनी निघाली, तिने कसिनो चालवला आणि पुढच्याच वर्षी शेजारी 'ओतेल द पारी' उघडलं. जुगाराचं उत्पन्न एवढं वाढलं की १८६९ मध्ये राजाने प्रत्यक्ष करच उठवले! आजही कसिनो, काही बडी हॉटेलं आणि 'जिमीज'सारखा नाइटक्लब याच कंपनीचे, आणि तिचे बहुतांश शेअर सरकारकडे. गंमत म्हणजे मोनॅकोच्या नागरिकांना त्या कसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे खिसा रिकामा व्हायचा तो पाहुण्यांचाच.

जेवणाबद्दल: 'लुई कँझ' हे नामवंत शेफ आलँ द्युकासचं रेस्टॉरंट १९८७ पासून 'ओतेल द पारी'तच आहे, १९९० मध्ये त्याला तीन मिशलँ तारे (रेस्टॉरंटांसाठीचा सर्वोच्च मान) मिळाले. हॉटेलच्या तळघरात वाइनच्या लाखो बाटल्या आहेत.

ज्यांना हे परवडत नाही (आपण बहुतेक सगळेच) त्यांनी मुक्काम शेजारच्या फ्रान्समधल्या नीस शहरात करावा. ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. मोनॅकोतल्या ला काँदामिन भागातल्या बाजारात बार्बाजुआन खा, पालेभाजी आणि चीज भरलेली तळलेली करंजीच ती. शाकाहारी मंडळींनी सारण तेवढं विचारून घ्यावं. कसिनो मात्र बाहेरून फुकट बघता येतो.