लेआउटचा ग्रुप: रेल्वेनं अन् रस्त्यानं सोन्याच्या खाणींकडे

शनिवार, संध्याकाळ

विजय सर: नमस्कार मंडळी. सहलीचं नुसतं बोलणं चाललंय, आज पक्कं करू. कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात जाऊ, हे मी पुन्हा मांडतो. ठिकाणं दोन. रायचूर जिल्ह्यातलं हट्टी, जिथं आजही सोनं निघतं. आणि कोलार गोल्ड फील्ड्स म्हणजे केजीएफ, जिथं २००१ साली काम थांबलं. आपल्या लेआउटमधली निम्मी घरं कोळशाच्या पगारावर उभी आहेत. खाण म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच आपण ते पाहायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गजूभाऊ: माझा होकार. फक्त तारीख कापूस पाहून ठरवा सर. डिसेंबरात वेचणीले मजूर भेटत नाई, तवा घर सोडता येत नाई मले.

सविता काकू: खाणी पाहून काय करायचं जी? जन्मभर खाणीचाच भोंगा ऐकला. बंद पडलेल्या खाणीत काय ठेवलं हाये? त्यापरीस तिरुपती करू.

भीमराव काका: वहिनी, काय ठेवलं हाये ते मी सांगतो. मी ओव्हरमन होतो, म्हणजे खाणीत पाळीवरच्या कामावर देखरेख करणारा. आपली अंडरग्राउंड खाण लय खोल वाटे आमाले. केजीएफमधली चॅम्पियन रीफची खाण जमिनीखाली ३ किलोमीटरच्या वर गेली होती. जगातल्या सगळ्यात खोल खाणींत तिची गणती होई. एवढ्या खाली खडकच ६० अंशांच्या वर तापलेला राह्यते. थंड केलेली हवा खाली सोडल्याशिवाय माणूस तिथं उभाच राहू शकत नाई. आमच्याकडं भेव गॅसचं अन् छत बसायचं. त्यायच्याकडं दगड कडक, पण वरचा भार इतका की खडक दाबानं अचानक फुटे. रॉक बर्स्ट म्हणतात त्याले. कवा फुटल ते कोणी सांगू शकत नव्हतं. तरी पाळीवर लोकं जातच होते. त्या लोकायच्या गावाले एकदा जाऊन यायचं हाये मले. गुडघे चालतात तोवर.

सविता काकू: बरं भाऊजी. तुमी असं म्हणता तर मी आडवी येत नाई. पण एखादं देवस्थान धरजा मधात.

विजय सर: आहे ना काकू. केजीएफच्या जवळ कम्मसंद्र गावी कोटिलिंगेश्वर आहे. १०८ फूट उंचीचं शिवलिंग आणि सभोवती लहानमोठी असंख्य लिंगं. रस्त्यावरच आहे, चढण नाही.

सविता काकू: मंग ठीक हाये.

अंकित: सर, कोलारला जायचं म्हणजे कोलार स्टेशनला उतरायचं का?

विजय सर: नाही, इथेच पुष्कळ लोक चुकतात. कोलार हे जिल्ह्याचं शहर वेगळं आणि केजीएफ वेगळं, मध्ये ३० एक किमीचं अंतर. केजीएफसाठी बंगारपेट जंक्शन गाठायचं. तिथून खाणींसाठीच टाकलेला फाटा मारिकुप्पमपर्यंत जातो, १८९४ पासूनचा. स्टेशनांची नावं वाचली तरी खाणींचा नकाशा कळतो: कोरोमंडल, उरगाव, चॅम्पियन, मारिकुप्पम. बेंगळुरूहून या फाट्यावर लोकल गाड्या धावतात. खाणी बंद झाल्यावर केजीएफची हजारो माणसं कामासाठी रोज याच गाड्यांनी बेंगळुरूला जाऊ लागली. सकाळी तिकडून येणारी गाडी खचाखच भरलेली असते, आपण उलट्या दिशेनं जाणार म्हणून बसायला मिळेल. संध्याकाळी मात्र परतीची माणसं असतात, तेव्हा ती वेळ टाळू.

गजूभाऊ: मंग पह्यले हट्टी का पह्यले कोलार?

विजय सर: आधी हट्टी. मार्ग असा सुचतो. भांदकला एक्स्प्रेस फार थांबत नाहीत, म्हणून बल्लारशाहून चढायचं. बल्लारशा ते सिकंदराबाद, साडेतीनशे किमीच्या थोडं वर. तिथून विकाराबाद, वाडी करत रायचूर, सुमारे ३०० किमी. रायचूरहून गाडी भाड्यानं करून हट्टी, अशोकाच्या शिलालेखाचं मस्की आणि मुद्गलचा किल्ला. परत रायचूरला येऊन रेल्वेनं गुंतकलमार्गे बेंगळुरू, आणि मग केजीएफ. परतताना बेंगळुरूहून बल्लारशाची थेट गाडी आहे.

लक्ष्मी वहिनी: आमचं माहेर रामगुंडमचं. बल्लारशा सोडलं की बेल्लमपल्ली, मंचेरियाल, रामगुंडम हा सगळा सिंगरेणीचा कोळसा पट्टा आहे. दिवसाची गाडी घ्या. रात्री झोपेत गेलं तर मंचेरियालनंतरचा गोदावरीचा पूल पण दिसणार नाही. पुढे रायचूरच्या अलीकडे कृष्णा लागते. भाषेची चिंता करू नका. रायचूरकडे तेलुगू पुष्कळांना येते, हिंदीही चालते. केजीएफमध्ये तमिळ जास्त, खाणीत कामाला आलेले बहुतेक तिकडचेच होते ना.

मंदाताई: जेवणाचं? माझ्या सासूबाईंना भात रोज झेपत नाही.

लक्ष्मी वहिनी: रायचूरकडे ज्वारीची भाकरच मिळते ताई, वर शेंगदाण्याची चटणी. आपल्या घरच्यासारखंच. कोलारकडे मात्र इडली आणि भात.

अंकित: हट्टीच्या खाणीत आत जाता येईल का?

विजय सर: ते मनात धरू नका. ती चालू खाण आहे, कर्नाटक सरकारच्या कंपनीची. आत जायला कंपनीची परवानगी लागते. मी शाळेच्या पत्रावर अर्ज करून पाहतो. मिळाली तर मोठ्यांपैकी चारदोघं जातील, नाहीतर शाफ्टवरचा, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचा, सांगाडा बाहेरून पाहायचा. केजीएफचे शाफ्ट तर बंदच आहेत, पाणी भरलेले. तिथं कोणी "आत दाखवतो" म्हणून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत आणि जायचंही नाही. मुलांवर प्रत्येकानं लक्ष ठेवायचं.

भीमराव काका: बंद खाणीच्या तोंडाशी कोणीच जाऊ नका. खाली हवा कशी हाये ते वरून कळत नाई. हे मी गंमतीनं सांगत नाई.

मंदाताई: आणि ते सायनाइडचे डोंगर म्हणतात ते काय?

विजय सर: सोन्याचा दगड दळून त्याची भुकटी करतात, मग सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून वेगळं काढतात. उरलेला गाळ बाहेर टाकत गेले. शंभरावर वर्षांत त्याच्या टेकड्या झाल्या. १३ ढिगारे आहेत, ३ कोटी टनांच्या वर माल. सुरुवातीला टनामागे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम सोनं मिळे, शेवटी तीन-चार ग्रॅमवर आलं. परवडेना, म्हणून खाण बंद. त्या ढिगाऱ्यांत थोडं सोनं अजून आहे. ते काढायच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं जून २०२४ मध्ये मंजुरी दिली.

मंदाताई: म्हणजे वाऱ्यानं ती भुकटी घरात येत असणार. कॅमेऱ्यात टेकड्या छान दिसतात म्हणून पोरं त्यावर चढतील. माझ्याकडून स्पष्ट नाही. लांबून पाहा. दम्याच्या पेशंटनं मास्क ठेवा. घुग्घुसकडं कोळशाच्या धुळीनं खोकणारी माणसं मी रोज पाहते, मला यात तडजोड चालणार नाही.

गजूभाऊ: ताईचं बरोबर हाये.

रविवार, सकाळ

अंकित: काल रात्री वाचत बसलो होतो. १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण जगात पहिल्यांदा पकडले गेले, त्यात केजीएफ होतं! सव्वादोन किलोमीटर खाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांबरोबर उपकरणं लावली होती. वरचा सगळा खडक बाकीचे वैश्विक किरण अडवतो, न्यूट्रिनो तेवढे आरपार येतात. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही असाच प्रयोग झाला. आमच्या कॉलेजात हे कोणी सांगितलंच नाही.

भीमराव काका: बेटा, ती उपकरणं डोलीतून खाली नेणारे, तिथं लाइन अन् हवा चालू ठेवणारे खाणीचेच लोक असतील. हे पण ध्यानात ठेवजो.

गजूभाऊ: लाइनीवरून इचारतो सर. तिथं वीज कवा आली?

विजय सर: १९०२ साली. कावेरीवर शिवसमुद्रम इथं वीज तयार करून जवळपास १५० किमी तारा ओढून केजीएफला आणली. खुद्द बेंगळुरूला वीज आली १९०५ मध्ये.

गजूभाऊ: म्हणजे शहराच्या आधी खाणीले. अन् आमच्या वावरात अजून रातचीच लाइन. ओलिताले रातभर जागा लागते, साप-इंचू पाहत. खाणीसाठी त्या काळात दीडशे किलोमीटर तार टाकता आली, तर शेतीसाठी दिवसा वीज देणं कठीण कायले वाटते ते मले समजत नाई.

विजय सर: गजूभाऊ, ती वीज कामगारांच्या घरांसाठी नव्हती आली. पंप, गिरण्या आणि साहेबांचे बंगले यांच्यासाठी आली. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीनं खाणी चालवल्या. साहेबांचा क्लब, गोल्फचं मैदान, चर्च, असं सगळं होतं, लोक 'लिटिल इंग्लंड' म्हणत. कामगार राहत तट्ट्यांच्या खोल्यांत. आपण बंगले पाहू, पण माझा आग्रह आहे की त्याहून जास्त वेळ मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफच्या वस्त्यांना द्यावा.

मिलिंद: सर, एक सांगायचं राहिलं. त्याच वस्त्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बौद्ध संघटना उभी होती. तमिळ बौद्ध विचारवंत पंडित अयोथी दास यांनी १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला, त्याची शाखा केजीएफच्या तमिळ खाण कामगारांनी चालवली. म्हणजे नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेच्या कितीतरी आधी. अन् १९५४ मध्ये बाबासाहेब स्वतः केजीएफला गेले होते. माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते. मला त्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासोबत बसून बोलायचं आहे. लक्ष्मी वहिनी, तमिळ येत असेल तर सोबत राहा.

लक्ष्मी वहिनी: मोडकीतोडकी येते भाऊ. राहते ना.

भीमराव काका: मिलिंद, हे मले ठाऊक नव्हतं. तू सांगितलं ते लय चांगलं केलं. आता तर जायचंच.

विजय सर: मग मस्कीचंही ऐका, कारण तिथं सोनं आणि सम्राट अशोक एकत्र येतात. १८३७ मध्ये प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं ब्राह्मी लिपी वाचली, पण लेखांत राजाचं नाव 'देवानांपिय पियदसि' एवढंच असायचं. हा राजा म्हणजेच अशोक, असा निर्वाळा देणारा लेख १९१५ मध्ये मस्कीला सापडला. त्यात 'असोक' हे नाव कोरलेलं आहे. आणि सापडला कोणाला, तर सोन्याच्या शोधात त्या भागात फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंग्रज अभियंत्याला. हट्टीच्या परिसरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या खाणी आहेत, ६०० फुटांच्या खाली गेलेल्या. त्या मुलखाचं सोनं मौर्यांच्या काळातही ठाऊक असावं असं अभ्यासक म्हणतात, ते मला पटतं.

भीमराव काका: ६०० फूट? बारूद नसताना?

विजय सर: जाळ करून काका. खडकाला लागून लाकडं पेटवायची, दगड तापला की वर पाणी ओतायचं, तडकला की छन्नीनं सोलायचा.

भीमराव काका: अन् तो धूर जाईल कुठं? खाली पाणी लागलं तर उपसायचं कशानं? सर, मी रातभर याचाच इचार करत राहीन आता. पंखा नाई, पंप नाई, टोपीवर बत्ती नाई. कोण लोक असतील ते? त्यायचं नाव कोणत्याच दगडावर नसल.

मिलिंद: वाडीच्या पुढं नालवार स्टेशनजवळ सन्नती-कनगनहळ्ळीचा स्तूप आहे, तिथं तर अशोकाचं शिल्पच आहे, नावासकट. उतरायचं का?

विजय सर: खूप इच्छा आहे, पण एक दिवस वाढतो आणि बायापोरांना दगदग होईल. ते वेगळं करू. मस्की मात्र सोडायचं नाही. लिंगसुगूर-सिंधनूर रस्त्यावरच आहे.

सविता काकू: मैसूर राहून गेलं ना जी? पोरी म्हणत होत्या राजवाडा पाहू.

गजूभाऊ: काकू, मैसूर कवाही होईल. एवढ्या दिवसांत सगळंच कोंबलं तर गाडीतच बसून राहू.

मंदाताई: मलाही तसंच वाटतं. केजीएफला एक रात्र मुक्काम करा, सकाळी जाऊन संध्याकाळी पळायचं नको. रॉबर्टसनपेटला नाहीतर बंगारपेटला लॉज पाहू.

विजय सर: ठरलं. मैसूर नाही, केजीएफला मुक्काम. आणि एक विनंती. तिथल्या खोल्यांसमोर उभं राहून फोटो काढताना आधी विचारा. खाण बंद झाली तेव्हा हजारो घरांचा पगार एका दिवसात थांबला. लोक आजही तिथंच राहतात. आपल्या लेआउटमध्ये कोणी न विचारता घराचे फोटो काढले तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं लक्षात घ्या.

भीमराव काका: मी माह्या जुन्या टोपीचा फोटो मोबाइलमधी नेतो. भाषा नाई आली तरी खाणीवाल्याले खाणीवाला वळखतेच.

गजूभाऊ: तारीख?

विजय सर: संक्रांत झाल्यावर, २६ जानेवारीची सुट्टी धरून. कापूस बराचसा घरी आलेला असेल आणि हरभरा काढायला वेळ असेल.

गजूभाऊ: चालते. तूर मी आधी काढून घेतो.

विजय सर: रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे याच महिन्याच्या शेवटी. जाताना बल्लारशाची दिवसाची गाडी. भीमराव काका-काकूंचं तिकीट दोघांचंच वेगळं काढतो, कारण ज्येष्ठांच्या खालच्या बर्थच्या कोट्यात एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त नावं चालत नाहीत. सविता काकू आणि मंदाताईंच्या सासूबाईंचं तसंच. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, पूर्ण भाडं धरून चाला. रायचूरच्या गाडीचं भाडं गजूभाऊ फोनवर ठरवतील.

गजूभाऊ: हाव. दोनतीन ठिकाणी इचारून सांगतो.

विजय सर: प्रत्येकानं नाव, वय आणि खालचा बर्थ हवा की नको, एवढं मला वैयक्तिक पाठवा. आधारचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

सविता काकू: माह्यं वय अंकित पाठवते. खालचाच पाह्यजे.