मंडळीतल्या (चर्चमधल्या) वडिलांची मुदत आणि पात्रता

सर्वांना सलाम. वर एका बंधूंनी लिहिलंय की वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघायला निवडलेला माणूस, एकदा नेमला की मरेपर्यंत वडील, मुदत घालणं हा हस्तार्पणाचा, म्हणजे डोक्यावर हात ठेवून केलेल्या नेमणुकीचा, अपमान आहे. मला हे पटत नाही.

पवित्र शास्त्रात (बायबलात) मुदत सांगितलेली नाही. १ तीमथ्य ३ आणि तीत १ मध्ये आहे ती माणसाची पारख: एकपत्नी, मद्यपी नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, स्वतःचं घर नीट चालवणारा, बाहेरच्यांतही चांगलं नाव असलेला. मुदत मंडळ्यांनी नंतर ठरवली. जिनिव्हात १५४१ च्या चर्चच्या नियमांत १२ वडील होते आणि दरवर्षी फेरविचार व्हायचा. स्कॉटलंडमध्ये १५६० साली वर्षाची निवड होती, १५७८ मध्ये ती आजन्म झाली. अमेरिकेतल्या मोठ्या प्रेस्बिटेरियन (वडिलांच्या हाती कारभार असणाऱ्या पंथाच्या) मंडळीत आज ३ वर्षांची मुदत आहे, सलग ६ वर्षांपेक्षा जास्त नाही, पण हस्तार्पण कायमचंच मानतात. माणूस फक्त कारभार बघणाऱ्या कमिटीतली जागा सोडतो.

आमच्या सोलापुरात एक वडील भर मे महिन्यात पाळकांबरोबर (पाद्र्यांबरोबर) प्रभुभोजनाचा, म्हणजे पवित्र भाकर-द्राक्षारसाचा, डबा घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांकडे जातात. कोणत्या घरी विड्यांचं काम बंद पडलंय, कोणाची फी थकलीय, सगळं त्यांना ठाऊक. आज ते कमिटीत नाहीत, तरी जातात. निवडणुकीत मात्र भावकी किती मोठी तेच बघितलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून ३ वर्षांची मुदत, सलग दोनदाच, मग एक वर्ष थांबा. आणि उमेदवारांची नावं वाचून दाखवल्यावर हरकतीसाठी मंडळीला निदान दोन रविवार द्यावेत.