मदत हवी आहे: फुलोऱ्याच्या नोंदींतून शहराची उष्णता वजा कशी करतात?

नमस्कार मंडळी. हवामानबदलाचा निसर्गावर होणारा परिणाम कसा मोजतात, हे वाचताना एका ठिकाणी अडलो आहे.

जपानमधल्या क्योतोमध्ये चेरी पूर्ण बहरण्याच्या नोंदी थेट इ.स. ८१२ पासूनच्या मिळतात. दरबारी आणि भिक्षूंच्या रोजनिशींत फुलं बघायला गेल्याच्या तारखा आहेत, त्या यासुयुकी आओनो या संशोधकाने चिकाटीने गोळा केल्या. (तापमापक नसलेल्या काळातल्या वसंताचा अंदाज अशा हौशी लिखाणावरून येतो, हेच मला भारी वाटतं.) २०२१ साली बहर २६ मार्चलाच आला. हजार-बाराशे वर्षांत इतक्या लवकर कधीच आला नव्हता.

पण क्योतो मधल्या काळात मोठं शहर झालं. सिमेंट-डांबर उष्णता धरून ठेवतं, रात्री गार होत नाहीत. मग बहर अलीकडे सरकला त्यात जागतिक तापमानवाढीचा वाटा किती आणि शहराचा किती, हे वेगळं कसं काढतात? जवळच्या ग्रामीण भागातल्या तापमानाशी तुलना करतात, एवढं कळलं. पण ८१२ मध्ये तुलनेला ग्रामीण तापमापक कुठून आणणार? की जुन्या काळासाठी ही दुरुस्ती लागतच नाही?

आणखी एक. हिवाळा पुरेसा थंड नसेल तर चेरीच्या कळ्यांची सुप्तावस्था नीट संपत नाही, मग बहर उलट लांबतो. ही गुंतागुंत गणितात कशी धरतात?

वनस्पतिशास्त्र किंवा सांख्यिकीवाल्यांनी जरा सोप्या भाषेत सांगितलं तर बरं होईल. आकडेमोड असली तरी चालेल.