धंदा बसला, तेव्हा मालकाचा कोणता स्वभाव आडवा आला? (अनुभव धागा)

कोल्हापूर आणि परिसरातील एखादा उद्योग ज्यांनी नोकरीच्या, भागीदारीच्या किंवा नात्याच्या निमित्ताने जवळून पाहिला आहे, त्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखाने असोत वा पेठेतील दुकाने, बंद पडलेल्या धंद्याचे कारण विचारले की मंदी, बँक आणि भावकी ही तीन नावे आधी पुढे येतात. मालकाच्या स्वभावाचा विषय बहुधा तेराव्यानंतरच निघतो. दोष कोणता होता, तो प्रथम कोणाच्या ध्यानात आला आणि त्या माणसाचे पुढे काय झाले, एवढे तरी अवश्य लिहावे. व्यक्तीचे अथवा कंपनीचे नाव घेऊ नये.

निवृत्त हिशेबनीस, उद्यमनगर

मी एका फाउंड्रीचे, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचे, हिशेब पाहत असे. मालक स्वतः मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या, कामातून वर आलेले होते. वाळू मुठीत दाबून तिच्यातली ओल अचूक सांगत आणि त्यांच्या हाताला खरोखर तोड नव्हती. त्यामुळे कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, ब्लो होल (वायूमुळे पडलेले भोक) निघाले की तो दुसऱ्या कोणाचा तरी हलगर्जीपणाच असणार, याविषयी त्यांना शंका नसे, आणि मग साऱ्या शॉपसमोर त्या माणसाचा जो उद्धार होई, तो ऐकवत नसे. कामगारांनी यावर आपल्या परीने तोड काढली. खराब माल दिवसा शेडच्या मागे टाकायचा आणि रात्रपाळीत पुन्हा भट्टीत घालायचा, म्हणजे वहीत रिजेक्शन किरकोळ दिसे. मला संशय आला तो विजेच्या बिलावरून. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवण्यास साधारण ६०० युनिट लागतात. बाहेर गेलेल्या मालाच्या वजनाशी बिल ताडून पाहिले, तर मेळ बसेना, कारण बरेचसे लोखंड दोनदा वितळत होते. पर्यवेक्षकाने धीर करून ही गोष्ट मालकांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी त्याच्यावरच माल परस्पर विकल्याचा आळ घेतला आणि त्याला घरी बसवले. त्यानंतर उरलेले आम्ही सारे शहाणे झालो. माल वेळेवर मिळत नाही म्हणून सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने साचे बनवण्यासाठी दिलेले आपले पॅटर्न (नमुने) परत मागवले, त्या दिवशी आश्चर्य वाटले ते एकट्या मालकांना.

गूळ अडतीच्या घराण्यातील एक

आमच्या चुलत्यांना भीड नडली. हंगामापूर्वी गुळव्यापाऱ्याने शेतकऱ्याला उचल द्यायची आणि हंगामात त्याचा गूळ आपल्या अडतीला यायचा, ही पद्धत. साखर कारखान्याचा दर चढा निघाला की ऊस तिकडे जाई, गुळाचे रवे (ढेपा) काही येत नसत, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस मुलीच्या लग्नासाठी पुन्हा दारात उभा राही. दिवाणजींनी थकबाकीची यादी करून समोर ठेवली होती. काकांनी ती उघडली नाही, कारण उघडली असती तर कोणाला तरी ‘नाही’ म्हणावे लागले असते. मार्केट यार्डात आजही त्यांना देवमाणूस म्हणतात; गाळा मात्र दुसऱ्याच्या नावावर आहे.

महाद्वार रोडवरील एका साडीच्या दुकानाची सून

साडीच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची कापडवाल्यांची जुनी रीत आहे. दहा निरनिराळी अक्षरे ठरवायची आणि एकेका अक्षराला एकेक आकडा द्यायचा. मामंजींनी ही अक्षरे पोटच्या मुलांनाही कधी सांगितली नाहीत आणि एखाद्या नोकराला ती उमगली असावीत असे वाटले की लगेच बदलत. ‘निदान थोरल्याला तरी सांगून ठेवा,’ असे सासूबाई वारंवार म्हणत. त्यावर ‘वेळ आली की सांगेन’ हे ठरलेले उत्तर असे. मग त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. दसरा-दिवाळीचा माल भरलेला, आणि कोणता शालू कितीला पडला आहे हे घरात कोणालाच ठाऊक नाही. ह्यांनी अंदाजाने भाव लावले. भारी माल पडत्या किमतीत हातोहात गेला आणि हलक्या साड्या महाग वाटल्यामुळे तशाच राहिल्या. रोज रात्री ह्यांनी मामंजींपुढे पाटी धरावी आणि त्यांनी डाव्या हाताने अक्षरे दाखवावीत, असेही करून पाहिले. परंतु जुन्या-नव्या खुणांची त्यांचीच सरमिसळ होऊ लागली होती.

व्यवस्थापन विषयाचे निवृत्त प्राध्यापक

वरच्या पर्यवेक्षकाची गत वाचून हेन्री फोर्ड आठवले. १९०८ साली ८५० डॉलरला निघालेली मॉडेल टी त्यांनी ३०० डॉलरच्याही खाली आणली, ती एकच मोटार वर्षानुवर्षे बनवण्याच्या हट्टामुळे. गिऱ्हाईक जनरल मोटर्सकडे वळू लागले, तेव्हा १९२६ साली अर्नेस्ट कान्झलर या वरिष्ठ अधिकाऱ्याने ते लेखी कळवले. काही महिन्यांतच त्यांना कंपनी सोडावी लागली. पुढच्याच वर्षी फोर्डना मॉडेल टी बंद करून, नव्या मोटारीच्या तयारीसाठी कारखाने कित्येक महिने थांबवावे लागले. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांची गोष्ट निराळी, कारण तेथे सरळसरळ लबाडी होती. तरीही ७ जानेवारी २००९ च्या कबुलीच्या पत्रात त्यांनी वर्णिलेला क्रम, म्हणजे खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातील फट आधी लहान असणे आणि दरवर्षी ती रुंदावत जाणे, मला त्या शेडमागच्या ढिगासारखाच वाटतो.

शिरोलीतील एक लघुउद्योजक

मला हा सूर पूर्णपणे मान्य नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये महामार्ग पंचगंगेच्या पुराखाली गेला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले आणि मध्ये टाळेबंदी होती. ज्यांची बिले तीन-तीन महिने अडकतात, त्यांचा स्वभाव संतासारखा असला तरी हप्ता चुकतोच. शिवाय फोर्डचा तोच हट्ट यशाच्या काळात जिद्द म्हणून वाखाणला जात होता. बुडालेल्याच्या स्वभावात खोट काढणे सोपे असते.

निवृत्त हिशेबनीस, उद्यमनगर

आपला आक्षेप रास्त आहे. पुराला स्वभाव कळत नाही. तरीही एक नोंदवतो. आमच्या शेजारची फाउंड्री त्याच मंदीतून गेली, आणि तिचे मालकही काही कमी तापट नव्हते. पण तेथे खराब कास्टिंग दारातच फळीवर मांडून ठेवण्याची शिस्त होती. मालक सकाळी आल्यावर एकेक उचलून पाहत, भरपूर शिव्या देत आणि मग वाळूवाल्याला, भट्टीवाल्याला बोलावून कारण विचारत. ज्या पर्यवेक्षकाला आमच्याकडून काढले, त्याला त्यांनीच ठेवून घेतले.